क्रूच्या गाडीची पायरी

जरा खाली बघा. अजून खाली, चपलेपाशी. हां, मीच बोलतेय, लाकडी पायरी. उलव्यातल्या एका हॉटेलच्या फाटकाशी, वॉचमनच्या खोलीबाहेर पडलेली असते. माझ्यावर सध्या अंबाजी वॉचमनचा जेवणाचा डबा असतो, नाहीतर स्वतः अंबाजी. दोघांचंही वजन मला झेपतं.

मी सुताराच्या हातची नाही. खाडीकाठच्या गावात चांगदेवच्या वडिलांची होडी मोडली, तेव्हा तिच्या दोन फळ्या त्याने ठेवून घेतल्या होत्या. पुढे चांगदेव या हॉटेलच्या गाडीवर ड्रायव्हर लागला. विमानाचा क्रू, म्हणजे पायलट आणि हवाईसुंदऱ्या, हॉटेलातून विमानतळावर सोडायचा आणि परत आणायचा, हे त्याचं काम. गाडीचं दार उंच आणि मुलींच्या टाचा त्याहून उंच. एक जण उतरताना पडता पडता वाचली. दुसऱ्या दिवशी चांगदेव मला ठोकून घेऊन आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याआधी बारा वर्षं त्याने न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवला. तीन-तीन दिवस रांगेत, जेवण स्टोव्हवर, पाठीची पार वाट लागलेली. "आता रोज घरचं जेवतो मी," असं तो भेटेल त्याला सांगायचा, जणू निवडणूकच जिंकला होता. ही नोकरी गेली तर पुन्हा ट्रेलर, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी माणसं पायांवरून ओळखते. कॅप्टनसाहेबांच्या बुटांना इतकं पॉलिश, की माझाच खिळा मला त्यांत दिसायचा. रचना मॅडम क्रूमधल्या सगळ्यांत सीनियर. त्यांच्या उजव्या बुटाची टाच बाहेरून झिजलेली, आणि माझ्यावर पाय ठेवताना खाली बघणाऱ्या त्या एकट्याच. बाकीचे मी तिथे उगवलेच आहे अशा थाटात उतरायचे. चांगदेव दर फेरीला अकरा बॅगा चढवायचा, उतरवायचा. त्याबद्दल 'थँक यू' मिळायचं, तेही अर्धं. उरलेलं अर्धं फोनवर कुणाशीतरी बोलण्यात जायचं.

एकदा गाडीत वाद निघाला. नवा आलेला एक पोरगा म्हणाला, "मस्कतला सगळे क्रू ड्रायव्हरला टिप देतात. आपण का नाही देत?"

कॅप्टन म्हणाले, "कंपनी हॉटेलला पैसे देते, हॉटेल त्याला पगार देतं. आपणही नोकरीच करतो. आपल्याला प्रवासी टिप देतात का?"

"प्रवाशांच्या बॅगा आपण घामाघूम होऊन उचलतो का, सर?" रचना मॅडम म्हणाल्या.

"सवयी लावू नका हो लोकांना."

विषय विमानतळ येईपर्यंत पुरला. ज्याच्याबद्दल चाललं होतं तो हातभर अंतरावर गाडी हाकत होता, पण त्याला काय वाटतं हे काही कुणी विचारलं नाही. माणसांची ही रीत मला आता नवी नाही.

शेवटी रचना मॅडमनी बिस्किटांचा रिकामा डबा फिरवला. ज्याला वाटलं त्याने नोटा टाकल्या. कॅप्टननीही टाकली, तोंड वाकडं करून. उतरताना रचना मॅडमनी तो डबा माझ्यावर ठेवला. "काका, तुमच्यासाठी. डबा तेवढा परत द्या, पुढच्या वेळी लागेल." चांगदेवने लाजत डबा सीटखाली ठेवला.

त्या दिवशी माझा एक पाय डुगडुगत होता, म्हणून त्याने मला घरी नेलं. त्यामुळे पुढचं मी कानांनी ऐकलं. त्याची बायको बायजा म्हणाली, "डबा रिकामा परत द्याचा? आपल्यात देतात व्हय असा?" आणि तिने घरातली सगळ्यांत भारी वस्तू त्यात गच्च भरली. सोडे! सोललेली, उन्हात वाळवलेली कोलंबी. पाव्हण्यांनासुद्धा मोजून वाढतात ते.

"म्याडम, घरून दिलंय," म्हणत चांगदेवने डबा हातात दिला. रचना मॅडम फोनवर होत्या. त्यांनी हसून तो बॅगेत टाकला. रिकामाच समजल्या असणार.

विमानात झाकण निघालं, हे गाडीतल्या गप्पांतून मला कळलं. पुढचं काय सांगू? दोनशे माणसं, बंद खिडक्या आणि बायजाचे सोडे! तक्रारींचा पाऊस पडला. शिवाय बाहेरच्या माणसाने दिलेली वस्तू न बघता विमानात नेणं हा मोठा गुन्हा. कंपनीने विचारलं तेव्हा रचना मॅडम घाबरून बोलून गेल्या, "कुणीतरी माझ्या बॅगेत ठेवला असेल."

हॉटेलच्या मॅनेजरने चांगदेवला इथेच, फाटकाशी, गाठलं. "ती म्हणते, कुणीतरी बॅगेत ठेवला. तिच्या हातात दिलास की गुपचूप ठेवलास?"

चांगदेवने मला उचलून गाडीत ठेवलं. मग म्हणाला, "गुपचूप ठेवला."

"अरे, खोटं कशाला बोललास?" मॅनेजर गेल्यावर अंबाजीने विचारलं.

"तिची बी नोकरीच हाय ना, अंबाजी."

चांगदेव पुन्हा ट्रेलरवर गेला. गाडीत घडीची लोखंडी पायरी आली आणि 'टिप देऊ नये, घेऊ नये' अशी पाटी लागली. मी अंबाजीकडे आले. मला वाईट वाटलं का? वाटलं. लाकूड असले तरी मी त्याच्या हातची आहे.

काल दुपारी साध्या सपाट चपला माझ्यासमोर थांबल्या. उजवी बाहेरून झिजलेली. अंगावर युनिफॉर्म नव्हता. रचना मॅडमनी चांगदेवची चौकशी केली, आणि अंबाजीने बायजाच्या सोड्यांपासून सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"मला माहितीये," त्या म्हणाल्या. "ते माझ्यासाठी खोटं बोलले, हेच महिनाभर पचत नव्हतं." मग तोच डबा, घासूनपुसून लख्ख केलेला, त्यांनी माझ्यावर ठेवला. "बायजाताईंना द्या."

आज चांगदेव ट्रेलर रस्त्याकडेला लावून आला. डब्यात एकच कागद होता. रचना मॅडमनी कंपनीला दिलेल्या पत्राची नक्कल. 'डबा मी माझ्या हाताने घेतला होता. ड्रायव्हरचा दोष नाही. मी खोटं बोलले.' अंबाजीने वाचून दाखवलं आणि म्हणाला, "तिला तीन महिन्यांसाठी घरी बसवलंय. मॅनेजर तुला सोमवारी बोलावतोय."

चांगदेव माझ्यावर बसला. चांगलाच ऐसपैस बसला. टिप द्यावी की न द्यावी, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर उतरताना एकदा खाली बघा, आणि पायरी ठेवणाऱ्याच्या तोंडाकडेही बघा. बास, एवढंच मागणं.

चांगदेवने डोळे पुसले, झाकण लावलं आणि डबा मांडीवर घेऊन विचारात पडला.

"अंबाजी, आता हा डबा परत करताना त्यात काय भरायचं रं?"