पंधरा इंचांचा बास

२५ जुलै १९८७, शनिवार, सकाळचे सहा. तळ्यावर एकेचाळीस होड्या होत्या: सत्तावीस मोटारीच्या, अकरा वल्ह्यांच्या, दोन कनू आणि एक फुगवायचा रबरी तराफा. माणसं शहाण्णव, कुत्री चार. मराठी बोलणारे चार, त्यातली एक मी.

मिशिगनमधल्या नोव्हाय गावापासून तासाभरावर पूर्वी खडीची खाण होती. ती पाण्यानं भरल्यावर राज्याच्या मत्स्यखात्यानं तिच्यात बास माशाची पिल्लं सोडली, पाच वर्षं कुणाला गळ टाकू दिला नाही, आणि आज तळं पहिल्यांदा उघडलं. मी नागपूरहून एम. एस. करायला आलेली. उन्हाळ्यातलं माझं काम एवढंच की धक्क्यावर उभं राहून प्रत्येक मासा मोजायचा. मासा लाकडी मोजपट्टीवर आडवा, तोंड मिटलेलं, शेपटी चिमटीत. पंधरा इंचांपेक्षा लहान असला तर परत पाण्यात.

बाकीचे तिघे म्हणजे हेमचंद्रकाका, नीलाकाकू आणि श्रीरंगकाका. हेमचंद्रकाका एका मोटार कंपनीत ब्रेक तपासतात. मूळचे अलिबागचे. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ते जिताडा कसा पकडायचा हे हातवारे करून सांगतात, आणि सहा वर्षं मिशिगनच्या पाण्यात गळ टाकून त्यांना एकही मासा मिळालेला नाही. श्रीरंगकाका शुद्ध शाकाहारी, वल्ही मारायला आलेले. त्यांच्या मते हेमचंद्रनं सहा वर्षं माशांना नुसतं जेवू घातलं.

त्या दिवशी हेमचंद्रकाकांना घाई होती, कारण श्रावण लागत होता. मुंबईहून आलेल्या कॅलेंडरात अमावास्या रविवारी पहाटे दोन वाजून आठ मिनिटांनी संपत होती. काकूंनी त्यातून साडेनऊ तास वजा केले. म्हणजे मिशिगनमध्ये श्रावण शनिवारी दुपारी चार अडतीसला सुरू. त्यानंतर महिनाभर घरात मासा नाही, आणि काकूंच्या घरात नाही म्हणजे काकांच्या तोंडात नाही. काकांनी वाद घातला की तिथी सूर्योदयापासून धरतात, सबब श्रावण उद्या सकाळी.

"चंद्र एकच आहे," काकू म्हणाल्या. "तुमच्या सोयीनं थांबायला तो काही तुमच्या डिपार्टमेंटला नाही."

काकांनी मला विचारलं. काकूंची वजाबाकी बरोबर आहे, असं मी सांगितलं. ते गळ उचलून होडीकडे चालू लागले.

सकाळ कोरडी गेली. इतरांचे मासे मी मोजत होते. दुपारी दोनपर्यंत त्र्याऐंशी झाले होते. दोन वाजून दहा मिनिटांनी तळ्याच्या मधोमध एक होडी जोरात हलली आणि श्रीरंगकाकांचा आवाज आला, "अरे बस ना यार, बुडवशील!" काकांना बास लागला होता.

मी तेव्हा धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला एका मोटारबोटीचे अकरा मासे मोजत होते. दोन चाळीसला मोजपट्टी घेऊन काठावर काकूंनी अडवलेल्या टेबलाशी पोचले, तर मासा उरलाच नव्हता. काकूंनी गवतावर वर्तमानपत्र पसरून, विळीवर बसून, तो खवलून, साफ करून त्याच्या सात तुकड्या केल्या होत्या. तुकड्यांना हळद-मीठ लागलेलं. डोकं वेगळं ठेवलेलं. कालवणाला वेळ नव्हता, पण डोकं टाकायला काकूंचा हात होईना. मासा घरी आला की पहिल्यांदा तो साफ करायचा, मग बाकीच्या गप्पा, ही त्यांची तीस वर्षांची सवय. आधी तो कुणा सरकारला दाखवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काकांना फलक वाचून माहीत होतं, पण ते तेव्हा श्रीरंगकाकांकडून फोटो काढून घेत होते.

माझ्या मागोमाग अर्ल आला. अर्ल म्हणजे तळ्यावरचा वॉर्डन, सहा फूट चार इंच. त्यानं आधी विळीकडे पाहिलं, मग पिवळ्या तुकड्यांकडे. मासा अख्खा हवा, असं तो शांतपणे म्हणाला. लांबी सिद्ध होत नसेल तर त्याला तो जप्त करावा लागेल. काकांनी हातांनी लांबी दाखवली. सुमारे दोन फूट. अर्लनं अशी लांबी सकाळपासून बऱ्याच जणांकडून पाहिली होती.

मी म्हटलं, सगळे भाग असतील तर जोडून मोजता येईल. अर्लनं जरा विचार केला आणि हो म्हणाला.

डोकं होतं. सात तुकड्या होत्या. शेपटी नव्हती.

"शेपटी कोण ठेवतं?" काकू म्हणाल्या. "कापून टाकली."

कुठे टाकली ते त्यांना आठवेना. तीन पिंपं होती आणि त्यांत सकाळपासूनचा शहाण्णव माणसांचा कचरा. काका आणि श्रीरंगकाका, दोघेही इंजिनियर, बाह्या सरसावून कामाला लागले. काका पिंपातून बियरचे डबे काढून ओळीनं लावत होते, का ते विचारायची सोय नव्हती. तीन वाजून बावन्न मिनिटांनी श्रीरंगकाकांनी तिसऱ्या पिंपातून शेपटी वर काढली, दोन बोटांत, तोंड फिरवून. आयुष्यात प्रथमच त्यांनी माशाला हात लावला होता. ते सरळ तळ्यात गुडघाभर पाण्यात जाऊन हात धूत उभे राहिले.

तुकड्यांचा क्रम काकूंना पाठ होता. त्यांनी डोक्यापासून एकेक तुकडी पट्टीवर लावली. मी त्या एकमेकींना भिडवल्या, पण दाबल्या नाहीत. अर्ल गुडघ्यावर बसला. काका माझ्या कानाशी आले.

"आठ काप आहेत. प्रत्येक कापात पात्याच्या जाडीएवढं मटेरियल जातं. एक-बत्तिसांश धर. पाव इंच ॲड कर."

"करवतीनं जातं, काका. विळीनं नाही. करेक्शन शून्य."

"मिठानं पाणी सुटून आखडला असेल."

"असेल. किती ते माहीत नाही, म्हणून धरणार नाही."

"दर रविवारी आमच्याकडे जेवतेस, विनीता. तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?"

"अहो, तिला मोजू द्या," काकू म्हणाल्या. "तुम्ही बोलताय तेवढ्यात श्रावण लागेल."

मी शेपटी चिमटीत धरली आणि वाचलं. मग अर्लला वाचायला सांगितलं. पंधरा आणि एक-अष्टमांश.

अर्लनं माझ्या तक्त्यावर सही केली आणि शेऱ्यात काय लिहावं ते विचारलं. मी "नऊ भागांत" एवढं लिहिलं. तेव्हा चार वाजून अकरा मिनिटं झाली होती.

शेगडी वाऱ्यानं दोनदा विझली. अर्ल वाऱ्याच्या बाजूला उभा राहिला तेव्हा ती पेटली. तवा लहान, एका वेळी चार तुकड्या मावत होत्या. पहिला घाणा चार एकतीसला उतरला, दुसरा चार छत्तीसला. काका जीभ भाजून घेत, काटे काढत खात होते. काकूंनी एक तुकडी खाल्ली आणि घड्याळ हातात धरलं. मी ड्युटीवर होते. चार अडतीसला काकूंनी काकांच्या पुढची ताटली उचलली, त्यात अर्धी खाल्लेली तुकडी होती तशीच, आणि अर्लला विचारलं की तुला काही वार-बिर असतात का. तो नाही म्हणाला.

तुकड्या सात. काकूंनी एक, काकांनी अडीच, अर्लनं साडेतीन.