लोखंडाचा पाट

"आगं बया, धोंडू उतरायलाय की गाडीतून!" हॉटेलात हाताखाली काम करणारी धुरपताबाई विळीवरून अर्धी उठली. चिरायचा कांदा हातातच राहिला.

बसम्मानं मान वर केली नाही. देवगाव फाट्यावर एसटी थांबायची ती चहाच्या एका कपापुरती. तेवढ्यात गाडीभर भुकेली माणसं गार करायची, म्हणजे पोटचा पोरगा आभाळातून उतरला तरी आधी घाणा. तिनं भजी सोडली, झारा फिरवला, घाणा ताटात उपसला, आणि मगच पदरानं कपाळ पुसून रस्त्याकडं बघितलं.

धोंडप्पाच होता. हातात पत्र्याची पेटी आणि तोंडावर सुतक.

ना सण, ना कुणाचं लग्न. आणि माणूस सुट्टीवर येतो तो पिशवी घेऊन येतो, अख्खी पेटी उचलून नाही. बसम्मा काय समजायचं ते तिथंच समजली.

तिचा नवरा ईश्वरअप्पा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना पोराच्या भट्टीची गोष्ट सांगत होता. ही गोष्ट त्या हॉटेलात चहाबरोबर फुकट मिळायची. धोंडप्पा परभणीला आयटीआय करून परमुलखातल्या एका पोलाद कारखान्यात ट्रेनिंगला लागला, त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि दीड वर्ष अप्पाच्या तोंडाला खळ नव्हता. त्या भट्टीपुढं जिंतूरचे डोंगर मान खाली घालतात. सकाळी न्याहारीला ती मालगाडीभर दगड खाते, दुपारी मालगाडीभर कोळसा, वर चुनखडीची सुपारी. मग तिच्या पोटातून लोखंडाची नदी निघते, दुधनेला पूर यावा तशी, आणि ती नदी वळवायची कुणी? आमच्या धोंडूनं! गंमत अशी, की अप्पानं जन्मभर मारलेल्या थापांमध्ये ही एकच गोष्ट बरीचशी खरी होती, आणि हीच कुणाला पटत नव्हती.

"अप्पा," शेजारच्या गावचे व्यंकटराव भजं मोडत म्हणाले. ते रोजचं गिऱ्हाईक, आणि टोमणा मारल्याशिवाय त्यांना चहा पचत नसे. "नदी आटली जणू तुझी. पोरगं पेटीसकट माघारी आलंय की."

अप्पाची गोष्ट तोंडातच राहिली.

एसटी गेली, बाकडी रिकामी झाली. बसम्मानं धोंडप्पाला मागच्या खोलीत बसवलं आणि भाकरी वाढली. त्यानं भाकरीला हात लावला नाही.

"अव्वा, मी जात न्हाई आता तिकडं."

"का? कुणी हाणलं का काय?"

"हाणलं आसतं तर बरं झालं आसतं."

मग त्यानं सांगितलं. भट्टीच्या बुडाशी भोक असतं, मातीनं बुजवलेलं. ते फोडलं की पातळ लोखंड बाहेर येतं आणि वाळूच्या पाटातून वाहतं. शेतात मोटेचं पाणी धावतं तसा पाट, पण धावतो तो जाळ. हा पाट आधी सारवायचा आणि मग गॅसच्या जाळावर खडखडीत सुकवायचा. दीड वर्ष त्यानं दुसऱ्यांच्या हाताखाली फावडं मारलं होतं. त्या दिवशी बन्सीधर मिस्त्री, म्हणजे त्याला शिकवणारे, म्हणाले की धोंडप्पा, आजचा पाट तुझा.

"पैल्यांदा, अव्वा. माझा एकट्याचा. मी हात जोडले, अन्..." तो थांबला. "अन् गडूभर पाणी वतलं पाटाच्या तोंडाशी."

बसम्मा त्याच्यासमोर खाली बसली.

ते पाणी तिच्या ओळखीचं होतं. रोज पहाटे हॉटेलची भट्टी पेटवायच्या आधी ती भट्टीपुढं गडूभर पाणी ओतायची, विभूतीची तीन बोटं ओढायची, शिवाचं नाव घ्यायची आणि मग काडी लावायची. तिच्या सासूनं लावलेली रीत. पाणी न ओतता भट्टी पेटवली तर भजी कढईतून उडून गिऱ्हाइकाच्या मिशीला चिकटतात, असं सासू शपथेवर सांगायची. धोंडू रांगत होता तेव्हापासून हे बघत आला होता. त्याच्या हातानं ते आपसूक केलं, डोक्याला न विचारता.

"मंग?" ती म्हणाली.

"मिस्त्रीची पाठ होती, त्येंनी बघितलं न्हाई. भोक फोडलं. लोखंड आलं अन् वल्या वाळूवर चढलं. तोफच उडाली म्हण. मिस्त्रीनं मला ढकललं म्हणून मी वाचलो. त्येंचा पाय घावला. गुडघ्याच्या खाली समदा."

"जित्ता हाय न्हवं माणूस?"

"दवाखान्यात हायत. पाय ऱ्हाईल म्हणतात. साहेबानं मला घरी धाडलं. सोमवारी हजर हो म्हणले, न्हाईतर नाव कापतो. कापू दे."

"मिस्त्रीला भेटायला गेलतास?"

धोंडप्पानं ताट बाजूला सारलं.

"तोंड दावलंस का त्येला, म्हणून इचारायलेय."

"दारापस्तोर गेलो, अव्वा. पाय आत जाईना."

ईश्वरअप्पा दारात येऊन उभा होता. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. "ऱ्हाऊ दे, बसम्मा. एकुलतं एक हाय. हितं काय कमी हाय का? गल्ल्यावर बसंल."

"गल्ल्यावर तुमी हाव की. दोगं बसलात तर थापांला जागा पुरायची न्हाई."

"आगं, आज पाय जळाला त्या मिस्त्रीचा. उद्या ह्येचा जळंल."

"जळंल की. माझे हात बगितलेत का कदी? तेल उडतंय म्हणून मी कढई सोडून माहेरी गेले का?" ती धोंडप्पाकडं वळली. "आरं, आपली भट्टी रातभर इझती, म्हणून सकाळी तिला पाणी दावायचं. तुझी भट्टी कवा इझती?"

"इझतच न्हाई. वर्सानुवर्सं चालू आसती."

"मंग तिला सकाळ कुठली? अन् सकाळच न्हाई तर सडा कशाला? देवाचं नाव मनात घ्यायचं, अन् पाणी आपल्या घरी ठिवायचं. एवढं तरी कळलं न्हवं आता? लय महाग शिकलास, पर शिकलास. उद्या निघायचं."

"मी न्हाई जाणार."

"पूर्णेपस्तोर मी येते संगं," बसम्मा म्हणाली, जणू त्यानं होच म्हटलं होतं.

बाहेर व्यंकटरावांनी सगळं ऐकलं होतं. हॉटेलची मागची भिंत पत्र्याची, आणि त्यांचे कान त्याहून पातळ. "बसम्माबाई, उद्या बंद हाय. नामांतराचा. एक यष्टी हलायची न्हाई. कशानं जाताव?"

"पायानं."

"सेलूपस्तोर? पेटी घेऊन?"

"पेटी ह्येच्या डोस्क्यावर. डोस्कं सध्या रिकामंच हाय."

व्यंकटराव हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी कपातला चहा संपवला आणि धोतर झटकून उठले. "बैलगाडी आणतो पहाटं. बैल चांगले हायत माझे, अप्पाच्या गोष्टीतल्यागत उडत न्हाईत, पर पोचवत्यात."

सेलूची वाट गाडीतून सरता सरेना. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. व्यंकटराव बैलांशी बोलत होते, बसम्मा व्यंकटरावांशी, आणि धोंडप्पा कुणाशीच नाही. रेल्वे तेवढी चालू होती; सेलूला पूर्णेची गाडी मिळाली. परभणी आलं तेव्हा तो उठून दाराशी गेला. बसम्मानं हाक मारली नाही. ती त्याच्या पेटीवर पाय ठेवून बसली होती. पेटी सोडून माणूस कुठवर जातो? गाडी हलल्यावर तो परत येऊन बसला.

पूर्णेला अकोल्याची गाडी यायला वेळ होता. यार्डात काळी इंजिनं फुसफुसत होती, रुळांच्या कडेला जळलेल्या कोळशाच्या राखेचे ढीग पडले होते. मुरमाच्या फलाटावर, लिंबाच्या सावलीत, दोघं मायलेक बसली.

"अव्वा," धोंडप्पा हळूच म्हणाला, "तू किती बी वढत आणलंस, तरी मी गाडीत चढणार न्हाई."

"नको चढूस."

त्यानं चमकून बघितलं.

"मी काय तुला उचलून टाकणार हाय का गाडीत? बैलाएवढा झालास." बसम्मानं पानाची चंची काढली. "पर फाट्यावर लोक इचारतील की, दीड वर्स पोरगं शिकलं तरी काय? तुज्या अप्पासारख्या थापा मला जमत न्हाईत. खरं काय ते सांगून ठिव मला. म्हंजी मी तोंड उघडून बोलीन तरी."

धोंडप्पानं एक काटकी उचलली.

"ही भट्टी," त्यानं मुरमावर गोल काढला. तो पुरेना, म्हणून उठून राखेतले दोन ओंजळी खडे आणले आणि त्यांचा बुरूज रचला. "वरून दगड, कोळसा, चुनखडी. थरावर थर. खालून हितनं, हितनं, चहूबाजूंनी गरम वारा."

"फुंकणीनं?"

"फुंकणी कसली, अव्वा! वाऱ्यानंच अर्धी भट्टी चालती. वारा किती गरम, त्याच्यावर समदं." त्याचा हात आता थांबत नव्हता. त्यानं बोटानं पाट ओढला, त्याच्या कडा तळव्यानं थापटल्या, मध्ये खड्याचा बांध घातला. "आता हितं गंमत हाय. लोखंडाच्या वर मळी तरंगती, दुधावर साय आल्यागत. बांधाच्या खालून फट ठिवायची. लोखंड जड, ते खालून पुढं जातं. मळी वर अडती, ती ह्या दुसऱ्या पाटानं बाजूला."

इंजिनावर कोळसा मारणारा एक फायरमन पाणी प्यायला आला होता. त्याचं नाव सिताराम. तो तिथंच उकिडवा बसला. मागं आणखी दोघंतिघं जमले.

"आन् भट्टी साफ कवा करताव?" सितारामनं विचारलं. "आमच्या इंजिनातली राख रोज वढावी लागती."

"राख ऱ्हातच न्हाई, दादा. ऱ्हातं ते मळीच्या रूपानं वाहून जातं. त्याच्यासाठीच चुनखडी."

"आयला! अन् हा पाट वला ऱ्हाईला तर?"

काटकी थांबली.

बसम्मानं पानाला चुना लावायला घेतला. त्याच्याऐवजी उत्तर द्यायला तिची जीभ अगदी दातांपर्यंत आली होती, पण तिनं ती आतच दाबून धरली.

"मंग माणूस जळतो," धोंडप्पा म्हणाला. "आमचे मिस्त्री जळाले. पाट माझा होता. मी पाणी वतलं होतं त्यात."

यार्डात एका इंजिनानं वाफ सोडली.

"आमच्यात बी आसं होतं," सितारामनं शेवटी म्हटलं. त्यानं आपली बाही वर करून कोपरापासचा डाग दाखवला, आणि परत खाली ओढली. "मिस्त्री दवाखान्यात, तू हितं. मंग आता तुज्या पाटावर कोण हाय?"

"नवे ट्रेनी हायत. माझ्या मागून आलेले."

"त्येंला म्हाईत हाय का, तू काय केलतंस ते?"

धोंडप्पानं मान वर केली. "साहेबानं कुणाला काय सांगितलं, ठावं न्हाई." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "त्येंच्यात बी कुणाची तरी अव्वा आसंल. चूल पेटवायच्या आधी कायतरी करत आसंल."

तेवढ्यात घंटा झाली. लांबून अकोल्याच्या गाडीचा धूर दिसला. फलाटावरची माणसं बोचकी आवरायला लागली.

धोंडप्पा उठला. हाताची राख पँटला पुसली. पेटी उचलली, खाली ठेवली, आणि बसम्माच्या पायाशी वाकला.

तिनं पाय मागं घेतले. "माझे नको. धरायचे पाय दवाखान्यात हायत."

तो तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला. "आधी तिकडंच जातो, अव्वा. स्टेशनातून सरळ."

"आन् चहा पिऊन जा. उपाशीपोटी माफी मागू नये, आवाज बारीक निघतो."

तो गर्दीत घुसला. एका खिडकीत त्याचं डोकं दिसलं, मग एका म्हाताऱ्याच्या पागोट्यामागं गेलं, मग परत दिसलं. त्यानं हात हलवला नाही, तिनंही नाही. गाडी निघाली. सिताराम आपल्या इंजिनाकडं गेला, बाकीचे पांगले.

परतीच्या गाडीला अजून अवकाश होता. बसम्मा लिंबाखाली तशीच बसून राहिली. तिच्यासमोर राखेच्या खड्यांची ती भट्टी होती, तिचा पाट, मधला बांध, बाजूला वळलेली मळीची वाट. हमाल आले, एक बाई पोराला ओढत आली, कुणी शेळी घेऊन आलं. बसम्मा हात आडवा धरून प्रत्येकाला सांगत होती, "बाजूनं जा, बाबा. बाजूनं."

उन्हं कलली तेव्हा झाडूवाली आली.

"मावशी, पाय वर घ्या."

बसम्मानं पाय वर घेतले. झाडू जवळ आला तशी ती म्हणाली, "एवढं सोडून झाड, माय."

"काय हाय ते?"

"पोराचं काम हाय माझ्या."

झाडूवालीनं कमरेवर हात ठेवून बघितलं. तिला त्यातलं काही कळलं नसावं. मग तिनं झाडू आडवा धरला आणि पाटाच्या कडेकडेनं, एक खडा न हलवता, झाडत पुढं गेली.