किल्ली नसलेल्या गाडीचा रेडिओ

“किल्ली कुठाय?” मी विचारलं.

“त्यांच्याकडे,” आकेयोची आई म्हणाली.

मी बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. ‘ते’ म्हणजे तिचा नवरा ओबुरा. आणि ओबुराला तर आम्ही सगळ्यांनी मिळून याच अंगणात, केळीच्या पलीकडे पुरलं होतं. वर सिमेंटसुद्धा घातलं होतं, आणि ते कालवायला मीही हात लावला होता.

“त्यांच्याकडे म्हणजे?”

“कोटात. आतल्या खिशात. शवागारात ओलालभावजींनी त्यांना गाडी चालवतानाचा कोट घातला. मी म्हटलं, शोभतोय, राहू दे. अशा वेळी खिसे कोण चाचपतं?”

मला हसू आलं आणि ते दाबता दाबता ठसका लागला.

“हस बाबा, हस,” ती म्हणाली. “सगळी पाहुणेमंडळी गेल्यावर मीपण हसले. एकटीच.”

उगुंजाच्या फाट्यावर गाड्यांच्या वायरिंगचं माझं दुकान आहे. दुकान म्हणजे चार खांबांवर पत्रा. नसत्या चौकशा करायची खोड मला लहानपणापासून आहे. बायको म्हणते, तू वायरी कमी आणि लोकांची घरं जास्त उघडतोस. त्यामुळे या बाईनं ‘गाडीचा रेडिओ सरळ बॅटरीला जोडून दे’ असा निरोप धाडल्यावर मी चार्ज केलेली बॅटरी मोटरसायकलवर बांधून लगेच आलो होतो. गाडी चालत नाही, चालवणारा उरला नाही, मग रेडिओ कशाला?

तसं काम सोपं. रेडिओच्या मागे दोन मुख्य वायरी. पिवळी सरळ बॅटरीवर असते, ती स्टेशनं लक्षात ठेवते. लाल किल्लीकडून येते. किल्ली फिरली की रेडिओला जाग. लाल तिथून सोडवून पिवळीच्या जोडीला बांधली की किल्लीचा संबंध संपला. मध्ये फ्यूज मात्र टाकायचा, नाहीतर एखाद्या दिवशी गाडीच पेटायची.

“ऐकायचंच असेल तर फोनवर ऐका की,” मी वायर सोलता सोलता म्हणालो.

“फोनवर कुणी गेल्याचं ऐकलं की खोटं वाटतं.”

मग मला उमगलं. ओबुरानं जन्मभर या पांढऱ्या पूजो गाडीच्या टपावरून शवपेट्या वाहिल्या. आमच्या बोलीतल्या स्टेशनवर दुपारी मृत्यूच्या बातम्या लागतात: कोण गेलं, कुठल्या गावचं, कोणत्या शवागारात आहे. ही शेजारच्या सीटवर बसून कान देऊन ऐकायची, कुणाच्या घरी गाडी नसेल ते ओळखायची, रस्ता सांगायची. तो निघायचा. लोक म्हणायचे ओबुराचा धंदा, पण अर्धा धंदा हिच्या कानांवर चालायचा. माझ्या बापालाही ओबुरानंच किसुमूहून घरी आणलं होतं, आणि वाटेत त्यानं रेडिओ बंद ठेवला होता.

आता तर तिला घराबाहेरही पडता येत नव्हतं. नवरा गेलेल्या बाईनं विधी होईपर्यंत दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही, ही आमची रीत. तो विधी दिरानं तिला आपली बायको मानल्यावाचून होत नाही, आणि दिराचा विषय काढला की ही विळा घेऊन गवत कापायला जायची.

मी तारा बॅटरीला लावल्या. रेडिओ असा खणखणीत बोलला की गाडीखालच्या कोंबड्या पंख फडफडवत पळाल्या. तिनं तोंडावर हात ठेवला.

“अगं बाई! आवाज तसाच आहे की!”

“रेडिओ आहे, त्याचा आवाज कशाला बदलेल?” मी म्हणालो, आणि माझं मलाच वाईट वाटलं.

“बंद करायला विसरलात तर बॅटरी मरेल हां,” मी घाईनं विषय बदलला.

“मी काही विसरत नाही.”

आवाज पलीकडच्या घरापर्यंत गेला असणार, कारण ओलाल लगबगीनं आला. ओबुराचा धाकटा भाऊ. डोक्यावर हॅट, हातात काठी.

“किल्लीशिवाय लागला?” त्यानं मला विचारलं. “मग इंजिनही लागेल की तसंच! ओदुमा, तिकडे सियायाला गाडीचं गिऱ्हाईक थांबलंय. सुरू करून दे, आजच घेऊन जातो.”

मी पान्ह्याशी चाळा करत बसलो. खरं सांगायचं तर स्टेअरिंगचं कुलूप तोडून इंजिन सुरू करणं मला मुळीच अवघड नव्हतं, आणि ओलालला ते माहीत होतं. रेडिओ जोडून मीच त्याला वाट दाखवली होती.

“वहिनी, गाडी अंगणात कुजेल. घरातला मोठा आता मी आहे. माझंही काही ऐकाल की नाही?”

“ऐकते ना,” ती शांतपणे म्हणाली. “न्या गाडी. पण तोडफोड कशाला? किल्ली आहे. तुम्हीच दिलीत त्यांच्याजवळ. जा, मागून घ्या.”

ओलालनं काठी जमिनीवर टेकली.

“चेष्टा करताय?”

“धाकटे भाऊ तुम्ही. तुम्ही मागितलं आणि त्यांनी कधी नाही म्हटलंय?”

मला त्या क्षणी तिचं कौतुक वाटलं आणि थोडी भीतीही. ओलाल पाय ओढत केळीच्या पलीकडे गेला. त्यानं हॅट काढली. तो आता काय बोलतो या उत्सुकतेनं मी मान उंच केली, पण ऐकू काहीच येईना. नुसते ओठ हलताना दिसले. बराच वेळ तो तसाच उभा होता. परत आला तेव्हा डोळे लाल होते.

“राहू दे गाडी,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “फ्यूज नीट टाकलायस ना रे? वहिनी आत बसणार आहेत.”

“टाकलाय, दादा.”

तो गेला. ती डाव्या दारानं आत, तिच्या नेहमीच्या सीटवर बसली आणि मला हाक मारली, “ये, बातम्या लागतील आता.” मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

“तिथे नको. मागे बस.”

मी निमूट मागे बसलो. निवेदिका एकेक नाव सावकाश वाचत होती. एका म्हाताऱ्याचं नाव आलं, यिम्बो गावचा, शव बोंडोच्या शवागारात ठेवलेलं. तिनं आवाज वाढवला, लेकी-सुनांची नावं संपेपर्यंत ऐकलं, आणि उजवीकडच्या रिकाम्या सीटकडे वळून म्हणाली,

“वरच्या रस्त्यानं जा. खालचा पूल पाण्याखाली आहे.”