माहेरच्या नावाची सही

सरकारी निधीतून आमच्या कॉलनीमागे बेघर अपंगांसाठी घरं होणार, असं कळलं तेव्हा हरकतीचा अर्ज मीच लिहिला. "तू बीए झालेली, तूच लिही," असं शेजारच्या काकू म्हणाल्या. असल्या लोकांमुळे लहान मुलांना धोका आहे, असं मी लिहिलं आणि पहिली सही केली.

पुढच्या आठवड्यात यहयाचाचा दारात आले. ट्रकखाली एक पाय गेल्यापासून ते पुलाखाली राहतात. मी मुलीला बालवाडीत नेते तेव्हा रस्ता ओलांडताना कुबडी आडवी धरून आमच्यासाठी टेम्पो थांबवतात. त्या नव्या घरांतल्या खोलीच्या फॉर्मवर त्यांना ओळखणाऱ्या रहिवाशाची सही हवी होती. नाही म्हणवेना. पण हरकतीवरचं नाव तिथे कसं लिहू? चाचांना वाचता येत नाही, हे मला ठाऊक होतं. मी माहेरच्या नावाने सही केली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते परत आले. "बेटी, या नावाची बाई मतदार यादीत न्हाय म्हणतात. माझ्यापायी तुला तरास."

मुलीला घेऊन मी त्यांच्याबरोबर ऑफिसात गेले आणि फॉर्मवर खरं नाव लिहिलं. क्लार्कने ते वाचलं, फाइलमधून आमचा हरकतीचा अर्ज काढला. "मॅडम, असल्या लोकांमुळे मुलांना धोका, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो," मी म्हणाले. "खोटं लिहिलं होतं."

त्याने फॉर्मवर शिक्का मारला. मुलीने धरलेलं आपलं बोट चाचांनी हळूच सोडवून घेतलं.