नोराच्या नावावरचा बोका

बिशपने मंगळवारी जेवण सोडलं. याआधीही त्याने ते अनेकदा सोडलं होतं, पण निषेध म्हणून. स्वस्तातली बिस्किटं आणली की तो वाडग्याकडे पाठ करून बसायचा. या वेळी मात्र तो वाडग्यासमोर बसला, आत बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याने डोळे मिटले. त्याचा डावा गाल लिंबाएवढा सुजला होता.

अंग काळंभोर आणि गळ्याशी पाद्र्याच्या कॉलरसारखी पांढरी पट्टी, म्हणून नोराने त्याचं नाव बिशप ठेवलं होतं. स्वभावही तसाच, सगळ्यांना वरून आशीर्वाद देण्याचा. नोराला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि फ्लीटवुडचा मासळीचा कारखाना बंद पडून तीन. तिचा नवरा क्लिफर्ड एंट्विसल याच्या आयुष्यात नेमाने घडणाऱ्या गोष्टी आता दोनच उरल्या होत्या: रोज सकाळी सहाला छातीवर चढणारा बिशप, आणि शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मिळणारी शिध्याची पिशवी. पिशवीत माणसासाठी घेवड्याचे डबे असायचे आणि मांजरासाठी बिस्किटं. मांजराचं खाणं जरा बरं असायचं.

गरिबांच्या जनावरांवर उपचार करणारी एक संस्था गावात होती. तिच्या पत्रकावर छापलेलं होतं, 'कठीण काळात तुम्ही एकटे नाही.' क्लिफर्डने फोन लावला आणि बिशपच्या मानेत बसवलेल्या, मालकाची नोंद असलेल्या चिपचा नंबर कागदावरून वाचून दाखवला.

"ही चिप नोरा एंट्विसल यांच्या नावावर आहे," पलीकडची बाई म्हणाली. "अर्ज त्यांनाच करावा लागेल."

"ती वारली."

"अरेरे! फार वाईट वाटलं ऐकून." की-बोर्डचा खडखडाट झाला. "मग नाव बदलून घ्या ना, अगदी सोपं आहे. आम्ही त्यांना ईमेल पाठवतो, त्यांनी फक्त संमती द्यायची."

"बाई, ती वारली म्हणालो मी."

"हो, हो. मग मृत्यूचा दाखला पोस्टाने पाठवा. सहा आठवडे लागतात."

बिशपकडे सहा आठवडे नव्हते, हे बिशपच्या तोंडावरच दिसत होतं.

शिधा वाटणारी बेरिल शेजारच्याच गल्लीत राहायची. ती सगळ्या जगाला 'राजा' म्हणायची, टपालवाल्यापासून पाद्र्यापर्यंत. क्लिफर्ड तिच्याकडे गेला.

"तू पण ना राजा, खरं बोलायला कशाला गेलास? बेवारस म्हणून नेऊन दे त्याला. बेवारसाचं सगळं फुकट करतात."

"आणि परत कसा आणायचा?"

"ते मग बघू. आधी जगू तर दे."

क्लिफर्डने बिशपला बटाट्याच्या वेफर्सच्या खोक्यात घातलं आणि संस्थेच्या निवारा केंद्रात नेलं. काउंटरवर बेथनी नावाची हसतमुख मुलगी होती.

"बसथांब्यावर सापडला," क्लिफर्ड म्हणाला.

"किती चांगले आहात हो तुम्ही! नाव काय तुमचं?"

"जॅक व्हिटल." हा कारखान्यातला त्याचा फोरमन. आयुष्यात पहिल्यांदाच त्या माणसाचा काही उपयोग झाला होता. 'हा प्राणी माझा नाही' असं छापलेल्या ओळीखाली क्लिफर्डने व्हिटलची सही केली.

बेथनीने बोक्याच्या मानेवरून यंत्र फिरवलं. "अरे वा! याला मालकीण आहे की. थांबा हं, लगेच लावते फोन."

क्लिफर्डच्या कोटाच्या खिशात नोराचा फोन वाजू लागला.

त्या फोनचं बिल भरता यावं म्हणून त्याने हिवाळाभर हीटर लावला नव्हता. फोन कुणी उचलला नाही की नोराचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा, म्हणून तो रोज चार्ज करून तो फोन खिशात ठेवायचा.

"तुमचा वाजतोय ना?" बेथनी म्हणाली.

"असू दे. बायको असेल."

बेथनी हसली. तिचा फोन स्पीकरवर होता. खिशातली घंटी थांबली आणि काउंटरवरून नोरा बोलू लागली, "मी नोरा. आत्ता मी घरात नाही. काय ते सांगून ठेवा, मी येतेच."

खोक्यातून बिशपने मान वर काढली. सुजलेल्या तोंडाने तो इकडे तिकडे बघू लागला. मग क्लिफर्डकडे बघू लागला. क्लिफर्डने भिंतीवरचं जंतांच्या औषधाचं पोस्टर दोनदा वाचून काढलं.

"सात दिवस वाट बघतो आम्ही," बेथनी म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी दुपारी शेवटचा फोन. नाहीच उचलला, तर नवीन घर."

पाचव्या दिवशी तो लग्नाचा दाखला खिशात घालून गेला. खरं सांगून टाकायचं, मग होईल ते होईल, असं त्याने बसमध्ये ठरवलं होतं.

"मिस्टर व्हिटल! या, बघा तुमचा पेशंट."

काचेपलीकडे बिशप जेवत होता. गाल उतरला होता. खाली मऊ गादी, शेजारी हीटर.

"दात काढला," बेथनी म्हणाली. "पण मूत्रपिंडं गेलीत बिचाऱ्याची. आता जन्मभर खास खाणं, रोज गोळी. साध्या बिस्किटांनी मरेल तो."

"मालकीण आली तर?"

"तर देऊन टाकू. पुढचं तिचं तिने बघायचं, आमची मदत एकदाच असते. नाही आली तर सेंट ॲन्स गावच्या एक निवृत्त शिक्षिका थांबल्यात. मोठी बाग आहे त्यांची. खरं सांगू? त्या मालकिणीने नाही उचलला फोन तर बरंच. इतके दिवस सडवलं बिचाऱ्याला."

क्लिफर्डचा हात खिशातल्या दाखल्यावर होता. तो म्हणाला, "कामात असेल ती." आणि बसने परत आला.

शुक्रवारी दुपारी तो चर्चच्या हॉलमध्ये रांगेत उभा होता. त्याचा नंबर लागला आणि खिशात घंटी वाजली.

"उचल की राजा," बेरिल म्हणाली.

त्याने फोन बाहेर काढला आणि हातात धरून ठेवला. आठदा वाजून तो थांबला. आता पलीकडे नोरा सांगत असणार, येतेच म्हणून. थोड्या वेळाने पडद्यावर निरोप आल्याची खूण उमटली.

बेरिलने पिशवीत घेवड्याचे डबे घातले, वर मांजराची बिस्किटं ठेवली आणि यादीत बिशपच्या नावापुढे बरोबरची खूण केली. नाव काढून टाक, असं क्लिफर्डने तिला सांगितलं नाही.