पितळी नळीतल्या हिरव्या रेघा

मी एक जुना वर्णपटदर्शक आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. वीतभर लांबीची पितळी नळी, एका टोकाला केसाएवढी अरुंद फट, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचं भोक आणि पोटात काचेचा लोलक, एवढाच माझा पसारा. मुलं मला दुर्बीण म्हणतात. मी मनावर घेत नाही. दुर्बीण लांबचं जवळ आणते. मी उजेडाचा गुंता सोडवून त्यातले रंग वेगळे करून दाखवतो.

माझा जन्म चष्म्याच्या एका दुकानामागच्या खोलीत झाला. तिथे एक वृद्ध कारागीर भिंगं घासायचे. सगळे त्यांना भिंगवाले बाबा म्हणत. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण काचेवर बोट फिरवलं की नंबर सांगत. त्यांची सून शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. घरी ती सूनबाई, शाळेत नुसत्या 'बाई'.

एकदा जेवताना बाई म्हणाल्या, "बाबा, मी फळ्यावर अणू काढते. मधे केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉन. मुलं हुबेहूब उतरवून घेतात. पण मनातून त्यांना वाटतं, बाई थापा मारतायत."

"मग दाखव की त्यांना अणू."

"तो नाही दिसत. त्यानं सोडलेला उजेड दिसतो. पण त्याला उपकरण लागतं, आणि ते शाळेत नाही."

बाबांनी मान हलवली आणि ते हात धुवायला उठले. दुसऱ्या दिवसापासून ते दुकान बंद झालं की तासभर मागच्या खोलीत थांबू लागले. जुन्या नळाची नळी कापली. मोडक्या दुर्बिणीतला लोलक काढला. दाढीच्या पात्याचे दोन तुकडे समोरासमोर बसवून फट केली. ती फट सरळ येईना, म्हणून सात वेळा उखडली. तीन आठवड्यांनी मी तयार झालो.

खिडकीतल्या उजेडाकडे मला धरलं, तेव्हा जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळे रंग सलग दिसले. बाबा लहान मुलासारखे हसले. मग बाईंनी तारेच्या टोकावर चिमूटभर मीठ घेऊन बर्नरच्या ज्योतीत धरलं. बाबांनी पुन्हा डोळा लावला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बिघडलं गं. नुसती एक पिवळी रेघ दिसतेय. बाकीचे रंग गेले कुठे?" त्यांनी पेचकस उचलला.

"बाबा, थांबा! बिघडलेलं नाही. हेच तर बघायचं होतं!" बाईंनी त्यांचा हात धरला. "मिठात सोडियम आहे. त्याच्या अणूतला इलेक्ट्रॉन हवा तिथे उभा राहू शकत नाही. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. ज्योतीची ऊब मिळाली की वरच्या पायरीवर जातो, खाली येताना तेवढाच उजेड सोडतो. तेवढाच, म्हणून रंगही तोच एक. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या वेगळ्या, म्हणून रेघाही वेगळ्या."

बाबांनी विचारलं, "आणि दोन पायऱ्यांच्या मधे?"

"मधे तो सापडतच नाही."

"असं कसं? इथून तिथे जाताना मधे कुठेतरी असेलच ना?"

"ते मलाही नीट उलगडून सांगता येत नाही, बाबा. मोठमोठ्यांनी डोकं खाजवलंय. आपल्या जिन्यासारखं ते नाही, एवढं खरं."

"आपलं शेंडेफळ, तुझं धाकटं, असंच आहे," बाबा म्हणाले. "आत्ता खिडकीत, आत्ता माळ्यावर. मधे कुणाला दिसत नाही." आणि त्यांनी पेचकस खाली ठेवला.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं माझ्या कौतुकाची. बाई मला कापडी पिशवीतून रोज शाळेत नेत आणि रोज घरी आणत. प्रयोगशाळेत माझ्यासमोर रांग लागायची. "दिसली, दिसली!" असं कुणी ओरडलं की माझं पितळ उगाचच ऊन व्हायचं. बाईंनी एक वही केली होती. कुठल्या क्षारातून कुठल्या रेघा दिसतात, ते रंगीत पेन्सिलींनी काढलेलं. लिथियमची लाल, पोटॅशियमची तांबड्या टोकाला लपलेली, बेरियमच्या हिरव्यांची दाटी.

त्या वहीची गरज अशी पडेल, हे कुणालाच वाटलं नव्हतं.

एका शनिवारी प्रयोगशाळेतला नळ फुटला. खालच्या फळीवरच्या बाटल्या भिजल्या आणि त्यांची लेबलं गळून पडली. प्रयोगशाळेची साफसफाई बघणाऱ्या मावशींनी बाटल्या पुसून जागेवर ठेवल्या आणि बाईंना सांगितलं, "बाई, खालच्या बाटल्यांची नावं गेलीत. आत सगळं पांढरंच आहे." बाईंच्या हातात पेपरांचा गठ्ठा होता. त्या म्हणाल्या, "सोमवारी बघू."

सोमवारी पहिल्याच तासाला नववीच्या मुली आल्या. त्यांच्यात एक मुलगी होती, तिला सगळे टकळी म्हणत, कारण तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिनं मैत्रिणीबरोबर डब्यातली काकडी बाकाखाली काढली आणि मीठ समजून एका बाटलीतली पांढरी पूड तिच्यावर भुरभुरली. मैत्रिणीनं एक तुकडा जिभेला लावून थुंकला. टकळीनं चार खाल्ले.

तास संपता संपता तिला उलट्या सुरू झाल्या. ओठांना मुंग्या आल्या. मग हात उचलेना. मुख्याध्यापकांनी तिला उचलून रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात नेलं. मैत्रीण रडत ती बाटली घेऊन बाईंकडे आली. पाठोपाठ डॉक्टरांचा निरोप घेऊन मावशी धावत आल्या. "काय खाल्लंय ते विचारतायत. लवकर सांगा म्हणाले."

बाईंनी तार ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. पण हिरवी ज्योत बोरिक पावडरही देते, बेरियमही देतं. बोरिकचं चिमूटभर पोटात गेलं तर एवढी भीती नसते. बेरियम मात्र विष. नुसत्या डोळ्यांना दोन्ही हिरवी सारखीच.

बाईंनी मला उचललं. एका हातात तार, दुसऱ्या हातात मी, आणि वहीही चाळायची; माझी फट ज्योतीवर ठरेना. तेव्हा मावशींनी दोन्ही तळव्यांत मला घट्ट धरलं. "मी धरते, बाई. तुम्ही बघा." बाईंनी डोळा लावला. मग वही बघितली. पुन्हा डोळा लावला.

"बेरियम," त्या म्हणाल्या. "मावशी, पळा. सांगा, विरघळणारं बेरियम आहे."

मावशी साडी खोचून पळाल्या. डॉक्टरांनी लगेच सल्फेटचं औषध पाजलं. सल्फेट बेरियमला धरून ठेवतं आणि त्याचा पांढरा साका होतो. तो विरघळत नाही, म्हणून शरीरात भिनत नाही. पुढे मोठ्या रुग्णालयात दोन दिवस सलाइन लागलं, पण टकळी वाचली.

त्या संध्याकाळी मुख्याध्यापकांनी मावशींना समोर उभं केलं. "बिननावाच्या बाटल्या फळीवर ठेवल्याच कशा?" तेव्हा बाई पुढे झाल्या. "सर, त्यांनी मला शनिवारीच सांगितलं होतं. मीच पुढे ढकललं. जे बोलायचं ते मला बोला." मावशींनी डोळ्याला पदर लावला. आपल्यावर आलेलं कुणी असं स्वतःवर ओढून घेतलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

घरी आल्यावर बाईंनी मला बाबांच्या समोर ठेवलं. "हे तुमच्याकडेच राहू दे, बाबा. मी उद्या राजीनामा देते. माझ्या हलगर्जीपणानं त्या पोरीचा जीव गेला असता."

बाबांनी माझ्या नळीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मी उमेदवारी करत होतो, तेव्हा एका शिंप्याला दुसऱ्याचीच भिंगं बसवून दिली. मशीनची सुई त्याच्या बोटातून आरपार गेली. मला वाटलं, आता हा धंदा सोडावा. माझे उस्ताद म्हणाले, सोडून गेलास तर त्याचं बोट बरं होणार आहे का? त्या दिवसापासून भिंग हातात घेतलं की आधी त्याच्यावर नंबर लिहितो. जेवण थांबेल, पण नंबर थांबत नाही." त्यांनी मला पुन्हा पिशवीत घातलं. "सकाळी लवकर जा. आणि रंगाचा डबा घेऊन जा."

सकाळी बाई आणि मावशी जमिनीवर फतकल मारून बसल्या. माझ्या मदतीनं एकेक बाटली ओळखली. कागदाची लेबलं नकोतच म्हणून काचेवर रंगानं नावं लिहिली. विषारी बाटल्या कुलपात गेल्या. मावशींना ज्योतीचे रंग ओळखता यायला लागले, ते तेव्हापासून.

पंधरा दिवसांनी टकळी परत आली. गप्प गप्प. मधल्या सुट्टीत एकटीच प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली.

"बाई, मला ते बघायचंय. मी खाल्लेलं."

बाई क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी कुलूप काढलं, तार बुडवली, ज्योत पेटवली. टकळीनं डोळा लावला. तिच्या पापण्या माझ्या काठाला टेकल्या होत्या आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"हे माझ्या पोटात होतं?"

"हो गं."

"बाई, किती सुंदर आहे हे." आणि मग ती एकदम रडायला लागली. बाईंनी ज्योत विझवली आणि तिला जवळ घेतलं.

मित्रांनो, पुढचं थोडक्यात सांगतो. बाबा गेले. बाई निवृत्त झाल्या आणि मला शाळेला देऊन गेल्या. वर्गात मोठा पडदा आला, त्यावर सगळ्या रेघा आपोआप दिसू लागल्या, न थरथरता. मी एका खणात जाऊन पडलो. फटीत धूळ बसली, पितळ काळवंडलं. आतला लोलक तेवढा शाबूत होता, पण अंधारात त्याला करायला काही नव्हतं.

परवा एका नव्या शिक्षिकेनं खण आवरायला घेतला. तिनं मला उलटसुलट पाहिलं, आगकाडी तासून तिच्या टोकानं फटीतली धूळ हलक्या हातानं काढली आणि सहज म्हणून मला ट्यूबलाइटकडे धरलं. आत ट्यूबमधल्या पाऱ्याच्या रेघा उमटल्या. तिच्या तोंडून "अय्या!" एवढंच आलं. आता दर बुधवारी माझ्यासमोर पुन्हा रांग लागते.

म्हणून एक विनवणी करतो. प्रयोगशाळेतलं काहीही, कधीही चाखू नका. माझ्या लोलकाला तेलकट बोटं लावू नका आणि काम झालं की मला पिशवीत घाला. आणि रांगेतला मागचा कितीही ढोसत असला, तरी आत रेघ दिसली की दोन क्षण जास्त थांबा. पडद्यावरची रेघ कधीतरी काढून ठेवलेली असते. माझ्यातली आत्ताची असते. समोरच्या ज्योतीतला एकेक अणू खालच्या पायरीवर येतो, उजेडाचा एक कण सोडतो, आणि तो कण नळीतून येऊन तुमच्या डोळ्यात संपतो. तो दुसऱ्या कुणालाच दिसणार नसतो.