शेवटी काय मागतो?

चपलांच्या दुकानात उभी हयात गेलेल्या बाईला 'फुकट' या शब्दाचा अर्थ कुणी शिकवू नये. 'बुटाबरोबर पॉलिशची डबी फुकट' असा बोर्ड आई स्वतः लिहायची, आणि डबीची किंमत बुटात कुठे दडवलेली असते हेही तिला पाठ होतं. त्यामुळे गणितात नापास झालेल्या लेकीने, चिमटीने, क्लास सोडून फोनवरच्या फुकट धड्यांवर कॅल्क्युलस शिकायला घेतलं, तेव्हा आईचं डोकं तापलं नाही. नुसतं तिरकं झालं. तिचं तिरकं डोकं जास्त वाईट.

"कोण आहे हा माणूस?"

"सर आहेत कुणीतरी."

"तोंड का नाही दाखवत?"

"हात दिसतो ना, फळ्यावर लिहिताना."

"हात तर पाकीटमाराचाही दिसतो. घेतो काय?"

"काही नाही."

"तुझा नंबर, पत्ता?"

"आई, त्याला मी दिसतसुद्धा नाही! आधीच रेकॉर्ड केलंय सगळं."

क्लास का सोडला, यावर मात्र चिमटी एवढंच म्हणायची, "तिथे कळत नाही." कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यातच क्लासवाले सर दुकानात आले. "ताई, फुकट शिकवणारा आज ना उद्या हात पसरतोच. फेरपरीक्षेत पुन्हा नापास झाली तर वर्ष बुडालं म्हणून समजा. सोमवारपर्यंत पाठवा, नाहीतर तिची जागा दुसऱ्याला देईन." घेतल्या होत्या नुसत्या नाड्या, पण जाताना पॉलिशची डबी मागून घेऊन गेले.

आईने चोर पकडायचं ठरवलं. चिमटीचा जुना फोन आता आईच वापरायची, खातंही दोघींचं एकच. जेवणाच्या सुट्टीत दुकानामागच्या खोलीत, खोक्यांच्या थप्पीला टेकून तिने धडे उघडले. विकणारा मुद्द्याची गोष्ट नेहमी शेवटी बोलतो, हा तिचा अनुभव. म्हणून प्रत्येक धडा तिने बोटाने सरसर पुढे ढकलला आणि फक्त शेपूट पाहिलं. शेवटी तो हात फळा पुसायचा आणि आवाज म्हणायचा, "अडलं असेल तर लाजू नका. मागे जा, पुन्हा बघा." बस्स. पुढचा धडा, तेच. त्याच्या पुढचा, तेच. आईचा संशय दुणावला. इतका सबुरीचा चोर तिने पाहिला नव्हता.

रविवारी सकाळी चिमटी फोन घेऊन समोर उभी राहिली. "माझे धडे कुणी पाहिले?"

"मला काय माहीत?" आई घाईघाईने टेबलावरचं स्वच्छ कापड झटकायला लागली.

"सगळ्या धड्यांखालची लाल रेघ शेवटपर्यंत भरलीये. मी कुठवर आले होते तेच सापडत नाहीये! परीक्षा तोंडावर आलीये, आणि तू माझ्यावर पाळत ठेवतेस?"

"तुझ्यावर नाही गं. त्याच्यावर."

"मग? काय सापडलं?"

"काहीच नाही. तेच तर खटकतंय."

"नुसते शेवट बघून काय सापडणार, कप्पाळ?"

"मग पहिल्यापासून लाव. माझ्यासमोर. त्याने काही मागितलं, की उद्यापासून क्लास."

"आणि नाही मागितलं तर?"

"तर बघू."

हाताने फळ्यावर गाडी काढली. आवाज म्हणाला, ही धावतेय. आत्ता, या क्षणी तिचा वेग किती? आई हाताची घडी घालून पहाऱ्यावर बसलेली. एकदम म्हणाली, "थांबव! क्षण म्हणजे पापणीही लवत नाही. तेवढ्यात गाडी हलणारच नाही, तर वेग कुठून आणला याने? सापडला बघ, गंडवतोय!"

चिमटी हसली नाही. तिच्याकडे बघतच राहिली.

"काय झालं?"

"क्लासमध्ये मी हेच विचारलं होतं. सरांनी मला उभं केलं. म्हणाले, हिला गाडीत बसवा आणि मागून धक्का मारा, म्हणजे कळेल. सगळे हसले. मग रोज कुणीतरी मला बघून धक्का मारल्याची नक्कल करायचं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, हसले तर हसले, अंगाला भोकं पडतात का?"

अगदी हेच म्हणाली असती. आईने गुपचूप स्वतःच धडा पुढे सुरू केला.

"इथे तुम्हाला शंका यायला हवी," आवाज म्हणाला. "क्षणात अंतरच कापलं नाही, मग वेग कसला? आली नसेल तर थांबू. येऊ द्या." आणि खडू धरलेला हात खरंच थांबला. सुजलेला पाय बुटात जाईपर्यंत आईही अशीच थांबायची, बूट चढवायचा चमचा हातात धरून, घाई न करता. मग तो हात वेळेचे लहान, आणखी लहान तुकडे पाडत गेला. आईला निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं. शेवटी हाताने फळा पुसला. मागितलं काहीच नाही.

सोमवारी तिने क्लासवाल्या सरांना फोन केला. "जागा देऊन टाका."

"फुकटात पास होईल का ती, ताई?"

"ते मला नाही माहीत. पण तिथे प्रश्नाला कुणी धक्का मारत नाही. आणि हो, ती डबी आणून द्या. नाड्यांवर मिळत नसते."

चिमटीकडून तिने वेगळं खातं उघडून घेतलं होतं. तुझी रेघ तुला, माझी मला. दुपारी खोक्यांना टेकून तिने दुसरा धडा लावला, या खेपेला पहिल्यापासून. मागेल, कधीतरी मागेलच, याबद्दल तिला अजून खात्री होती. मध्येच कुठेतरी अडलं. तिने दाराकडे पाहिलं, कुणी नव्हतं. मग बोटाने हळूच ती लाल रेघ मागे ओढली.